रुस्तम जाल वकील

डॉ. रुस्तम जाल वकील (इ.स. १९११ – इ.स. १९७४) हे मुंबईतील हृदयरोगतज्ज्ञ, वैद्यकीय संशोधक, अध्यापक आणि लेखक होते. सर्पगंधा या भारतीय वनस्पतीच्या मुळीने उच्च रक्तदाब कमी होतो, हे रुग्णांवरील पद्धतशीर निरीक्षणांच्या आधारे मांडणारा त्यांचा शोधनिबंध १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या निबंधामुळे सर्पगंधेकडे युरोप व अमेरिकेतील डॉक्टरांचे लक्ष गेले. पुढील काही वर्षांत या मुळीतून वेगळे केलेले रेसर्पिन हे द्रव्य उच्च रक्तदाबावर आणि मानसिक आजारांवर जगभर वापरले जाऊ लागले. मनावरील ताण हृदयापर्यंत कसा पोहोचतो आणि औषधाने तो कसा अडवता येतो, या प्रश्नाच्या अभ्यासालाही या औषधाने मोठी चालना दिली. १९५७ साली वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय होत. भारतातील आधुनिक हृदयरोगचिकित्सेचे जनक असा त्यांचा उल्लेख केला जातो.

जीवन

रुस्तम वकील यांचा जन्म १९११ साली मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. त्यांचे वैद्यकीय शिक्षण लंडन येथे झाले व लंडन विद्यापीठाची एम.डी. ही पदवी त्यांनी मिळवली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस ते मुंबईत परतले आणि परळ येथील किंग एडवर्ड स्मारक रुग्णालयाशी, म्हणजे केईएम रुग्णालयाशी संबंधित झाले. १९२६ साली सुरू झालेले हे रुग्णालय आणि त्याला जोडलेले सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय यांच्या परिसरात त्या काळी गिरणगावातील कामगार, कोकणातून व देशावरून आलेले रुग्ण आणि शहरातील मध्यमवर्गीय अशा सर्व थरांतील लोक उपचारासाठी येत असत. वकील यांच्या संशोधनाचा पाया अशा रुग्णालयीन व खासगी व्यवसायातील रुग्णांच्या प्रदीर्घ निरीक्षणात होता. प्रयोगशाळेतील प्राण्यांवरील प्रयोगांपेक्षा रुग्णाच्या खाटेजवळ केलेल्या नोंदी हे त्यांच्या कामाचे मुख्य साधन राहिले.

रुग्णतपासणी, अध्यापन व ग्रंथलेखन ही तिन्ही कामे त्यांनी अखेरपर्यंत केली. १९७४ साली त्यांचे निधन झाले.

पार्श्वभूमी : उच्च रक्तदाबावरील त्या काळचे उपचार

वकील यांनी व्यवसायास सुरुवात केली तेव्हा उच्च रक्तदाब या विकारावर परिणामकारक आणि सुसह्य असे औषध उपलब्ध नव्हते. रक्तदाब मोजण्याचे यंत्र विसाव्या शतकाच्या आरंभापासून डॉक्टरांच्या हाती आले होते. त्यामुळे विकाराचे निदान होत असे, परंतु पुढे करण्यासारखे फारसे काही नसे. विश्रांती, मीठ कमी करणे, झोप आणणारी बार्बिट्युरेट वर्गातील औषधे आणि वजन घटवणे हे नेहमीचे सल्ले होते. वाढलेला रक्तदाब ही अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त पुढे ढकलण्यासाठी शरीराने केलेली आवश्यक तडजोड आहे, त्यामुळे तो कमी करणे धोक्याचे ठरेल, असेही मत अनेक नामांकित डॉक्टर मांडत असत.

तीव्र स्वरूपाच्या रुग्णांसाठी शस्त्रक्रियेचा मार्ग वापरला जाई. कण्याच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या अनुकंपी तंत्रिकांचे धागे कापून रक्तवाहिन्या सैल करणे, असे या शस्त्रक्रियेचे स्वरूप होते. ती मोठी व त्रासदायक असे. अमेरिकेत भात व फळे एवढाच आहार देणारी एक कठोर पथ्यपद्धतीही १९४० च्या दशकात प्रचारात आली.

या असहायतेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे आहे. त्यांचा रक्तदाब अनेक वर्षे वाढत गेल्याची नोंद त्यांच्या डॉक्टरांकडे होती. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा मृत्यू झाला, त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० च्या घरात होता. जगातील सर्वांत सामर्थ्यवान देशाच्या प्रमुखालाही त्या वेळचे वैद्यकशास्त्र या विकारात फारसे काही देऊ शकले नाही.

सर्पगंधेचा आधीचा अभ्यास

सर्पगंधा हे हिमालयाच्या पायथ्यापासून पश्चिम घाटापर्यंतच्या दमट वनांत आढळणारे लहान झुडूप आहे. हिंदीत त्याला छोटा चांद असेही म्हणतात. त्याची मुळी भारतीय परंपरागत वैद्यकात सर्पदंश, निद्रानाश, ताप आणि मनोविकार यांवर दीर्घकाळ वापरली जात आली आहे. बिहारमध्ये ती वेडावरची औषधी म्हणून बाजारात सर्रास मिळत असे. १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या ग्रंथात सापाच्या विषावर गुणकारी मानलेल्या मुळीचे वर्णन आहे आणि अनेक अभ्यासक ते सर्पगंधेशी जोडतात. वनस्पतीचे रौवोल्फिया हे शास्त्रीय नाव सोळाव्या शतकातील जर्मन वैद्य व वनस्पतिज्ञ लिओनहार्ट रौवोल्फ यांच्या स्मरणार्थ देण्यात आले आहे.

आधुनिक पद्धतीच्या अभ्यासाला १९३१ साली सुरुवात झाली. त्या वर्षी कोलकात्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि उच्च रक्तदाब या दोन्हींवर ही मुळी उपयोगी पडते, असा निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी व त्यांचे सहकारी यांनी मुळीतून अनेक अल्कलॉइडे वेगळी केली. त्यांपैकी एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलिन असे नाव देण्यात आले. १९३३ साली रामनाथ चोप्रा व सहकाऱ्यांनी मुळीच्या औषधी गुणांची प्रयोगशाळेत तपासणी करून ती रक्तदाब कमी करते व गुंगी आणते, असे नोंदवले. त्यानंतरच्या दशकात आणखी काही भारतीय डॉक्टरांनी आपले अनुभव प्रसिद्ध केले.

हे सर्व लेखन भारतीय नियतकालिकांत आले होते आणि भारताबाहेर त्याची जवळजवळ दखल घेतली गेली नाही. भारतातही औषधाचा प्रसार मुख्यतः डॉक्टरांच्या वैयक्तिक अनुभवावर होत होता. मुळीने खरोखर किती रुग्णांचा रक्तदाब उतरतो, किती उतरतो आणि किती दिवस उतरलेला राहतो, या प्रश्नांना आकड्यांत उत्तर देणारे व जगभर वाचले जाणारे काम अद्याप झालेले नव्हते.

१९४९ चा शोधनिबंध

वकील यांनी सर्पगंधेचा वापर अनेक वर्षे केल्यानंतर १९४९ साली आपले निष्कर्ष ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडले. त्यांच्या अभ्यासात उच्च रक्तदाबाचे ५० रुग्ण होते. हे रुग्ण ज्याचे निश्चित कारण सापडत नाही अशा, म्हणजे प्राथमिक उच्च रक्तदाबाचे होते. औषध सुरू करण्यापूर्वीचा आणि उपचारकाळातील रक्तदाब नोंदवून त्या आकड्यांची संख्याशास्त्रीय तपासणी करण्यात आली. बहुसंख्य रुग्णांत हृदय आकुंचन पावतानाचा व प्रसरण पावतानाचा असे दोन्ही रक्तदाब कमी झाल्याचे त्यांना आढळले.

या निबंधातील मांडणीचे वैशिष्ट्य तिच्या संयमात होते. मुळीमुळे प्रत्येक रुग्णाचा रक्तदाब उतरतो किंवा विकार कायमचा बरा होतो, असा दावा त्यात नव्हता. औषधाचा परिणाम दिसण्यास वेळ लागतो, तो रुग्णागणिक बदलतो आणि गंभीर दुष्परिणाम क्वचित आढळतात, हे निष्कर्ष परदेशातील डॉक्टरांना आपल्या रुग्णांवर पडताळून पाहता येण्यासारखे होते.

आजच्या निकषांनुसार हा अभ्यास लहान होता. औषध कोणाला व निष्क्रिय गोळी कोणाला हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवून केलेल्या चाचण्यांचा काळ तेव्हा नुकताच सुरू होत होता. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची ब्रिटनमधील प्रसिद्ध चाचणी १९४८ साली, म्हणजे वकील यांच्या निबंधाच्या केवळ एक वर्ष आधी प्रसिद्ध झाली होती.

सर्पगंधेच्या पूर्वाभ्यासकांचे श्रेय वकील यांनी झाकून ठेवले नाही. १९५५ साली अमेरिकेतील सर्क्युलेशन या नियतकालिकात त्यांनी उच्च रक्तदाबावरील सर्पगंधेच्या वापराचा विस्तृत आढावा घेतला.

परदेशातील स्वीकार

वकील यांचा निबंध वाचून बोस्टन येथील रॉबर्ट विल्किन्स यांनी भारतातून सर्पगंधेचे औषध मागवले आणि आपल्या रुग्णांना देऊन पाहिले. विल्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांचे अहवाल १९५० च्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध झाले. रक्तदाब हळूहळू उतरतो, नाडी मंद होते आणि रुग्ण शांत होतो, असे त्यांनी नोंदवले. अमेरिकेत सर्पगंधेचा प्रसार होण्यास हे काम मुख्यतः कारणीभूत ठरले.

१९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथील सिबा या औषध कंपनीतील योहानेस म्यूलर, एमिल श्लिटलर व हुगो बाइन यांनी मुळीतील मुख्य परिणामकारक अल्कलॉइड वेगळे करून त्याला रेसर्पिन असे नाव दिले. ते सर्पासिल या व्यापारी नावाने विक्रीस आले. मुळीच्या भुकटीत द्रव्याचे प्रमाण झाडागणिक व हंगामागणिक बदलत असे. शुद्ध रेसर्पिनमुळे मिलिग्रॅमच्या अंशांत नेमकी मात्रा देणे शक्य झाले. १९५६ साली अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बर्न्स वुडवर्ड यांनी रेसर्पिनचे संपूर्ण संश्लेषण साधले. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या इतिहासात ते एक महत्त्वाचे यश मानले जाते.

मानसोपचाराच्या क्षेत्रातही याच सुमारास रेसर्पिनचा प्रवेश झाला. न्यूयॉर्क राज्यातील नेथन क्लाइन आणि कॅलिफोर्नियातील रॉबर्ट नोस यांनी मनोरुग्णालयांतील रुग्णांवर ते वापरले. भारतात शतकानुशतके मनोविकारांवर दिली जाणारी मुळी अशा रीतीने क्लोरप्रोमाझिनच्या बरोबरीने आधुनिक मनोविकार-औषधांच्या पहिल्या पिढीत गणली गेली.

परदेशातून मागणी वाढल्यावर भारतातील वनांतून सर्पगंधेची प्रचंड प्रमाणात तोड झाली. १९५० च्या दशकात भारत सरकारने कच्च्या मुळीच्या निर्यातीवर बंधने घातली. रानातील सर्पगंधा आजही धोक्यात असून वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तिचा समावेश आहे.

मानसिक ताण, हृदय आणि सर्पगंधा

सर्पगंधेने मन शांत होते आणि रक्तदाबही उतरतो, ही दोन निरीक्षणे भारतीय डॉक्टरांनी एकत्र नोंदवली होती. झोप आणणाऱ्या औषधाने रक्तदाब थोडा कमी होतोच, त्यामुळे सर्पगंधा ही केवळ गुंगीची मुळी आहे का, अशी शंका घेतली जाणे स्वाभाविक होते. तिचे उत्तर मिळण्यासाठी मनाचा ताण हृदयापर्यंत पोहोचवणारी यंत्रणा समजणे आवश्यक होते.

भीती, राग, परीक्षा, सभेत बोलण्याची वेळ किंवा अचानक आलेली वाईट बातमी अशा प्रसंगी मेंदूकडून अनुकंपी तंत्रिका तंत्राला चेतना मिळते. या तंत्राच्या धाग्यांची टोके हृदयात व रक्तवाहिन्यांच्या भिंतींत असतात. तेथे नॉरॲड्रेनॅलिन हे रसायन सोडले जाते. मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन थेट रक्तात मिसळते. परिणामी नाडी जलद होते, हृदय अधिक जोराने आकुंचन पावते, त्याला लागणारा ऑक्सिजन वाढतो आणि रक्तदाब चढतो. निरोगी माणसात हा प्रतिसाद काही मिनिटांत ओसरतो. ज्याच्या हृदयाच्या रोहिण्या अरुंद झालेल्या आहेत अशा रुग्णात मात्र याच क्षणी हृदयाच्या स्नायूला रक्त अपुरे पडून छातीत कळ येऊ शकते.

रेसर्पिनची क्रिया या यंत्रणेच्या मुळाशी होते, हे १९५० च्या दशकाच्या मध्यानंतर स्पष्ट झाले. तंत्रिकेच्या टोकाशी नॉरॲड्रेनॅलिन सूक्ष्म पिशव्यांत साठवलेले असते. रेसर्पिन या पिशव्यांत रसायन भरणारी यंत्रणा बंद पाडते. साठवलेले नॉरॲड्रेनॅलिन हळूहळू संपून जाते आणि मेंदूकडून चेतना आली तरी टोकाशी सोडण्यासारखे फारसे काही उरत नाही. मेंदूतील सेरोटोनिन व डोपामिन यांचे साठेही याच प्रकारे रिकामे होतात. त्यामुळे मन शांत होणे व रक्तदाब उतरणे हे दोन्ही परिणाम एकाच क्रियेतून, परंतु शरीराच्या वेगवेगळ्या ठिकाणी घडतात. साठा रिकामा होण्यास आणि पुन्हा भरण्यास दिवस किंवा आठवडे लागतात. औषधाचा गुण उशिरा दिसणे आणि औषध थांबवल्यावरही तो काही काळ टिकणे, या रुग्णालयात दिसलेल्या दोन्ही गोष्टींचा उलगडा त्यामुळे झाला.

रेसर्पिन हे संशोधनाचे साधन म्हणूनही मोलाचे ठरले. स्वीडनमधील अर्विद कार्लसन यांनी रेसर्पिन देऊन निश्चल झालेले ससे एल-डोपा या द्रव्याने पुन्हा हालचाल करू लागतात, असे १९५७ साली दाखवले. त्यातून मेंदूतील डोपामिनचे कार्य आणि पुढे कंपवातावरील उपचार यांचा मार्ग खुला झाला. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

बीटा-ब्लॉकर औषधांचे आगमन

रेसर्पिन अनुकंपी तंत्राचा साठाच रिकामा करत असल्याने त्याचा परिणाम सर्व शरीरभर व मेंदूतही होत असे. केवळ हृदयावरील ताणाचा प्रतिसाद कमी करावा आणि बाकीचे शरीर शक्य तेवढे मोकळे ठेवावे, यासाठी वेगळ्या प्रकारच्या औषधाची आवश्यकता होती. त्याचा सैद्धांतिक पाया वकील यांच्या निबंधाच्या एक वर्ष आधी घातला गेला होता. १९४८ साली अमेरिकी औषधशास्त्रज्ञ रेमंड अहलक्विस्ट यांनी ॲड्रेनॅलिन व नॉरॲड्रेनॅलिन पेशींवरील अल्फा व बीटा अशा दोन प्रकारच्या ग्राहींमार्फत काम करतात, असे प्रतिपादन केले होते. हृदयाची गती व जोर वाढवणारे ग्राही बीटा प्रकारचे आहेत.

स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या ब्रिटिश कंपनीत बीटा ग्राही अडवणाऱ्या औषधांचा शोध घेतला. प्रोनेथॅलॉल हे त्यांचे पहिले औषध १९६२ साली आणि प्रोप्रॅनोलॉल १९६४ साली पुढे आले. ब्लॅक यांचा मूळ उद्देश हृदयशूळावरील उपचार हा होता. प्रोप्रॅनोलॉलने रक्तदाबही उतरतो, हे ब्रायन प्रिचर्ड यांनी त्यानंतर दाखवले. ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तीव्र मानसिक ताणाच्या वेळी या दोन औषधांचे काम वेगवेगळे असते. बीटा-ब्लॉकर घेतलेल्या व्यक्तीच्या तंत्रिकांतून नॉरॲड्रेनॅलिन नेहमीसारखेच सुटते, परंतु हृदयावरील ग्राही व्यापलेले असल्यामुळे नाडी कमी वाढते आणि हृदयाच्या स्नायूची ऑक्सिजनची गरज मर्यादित राहते. रक्तवाहिन्या आकुंचित करणारे अल्फा ग्राही मात्र मोकळे असतात. त्यामुळे नाडी शांत राहिली तरी ताणाच्या क्षणी चढणारा रक्तदाब बीटा-ब्लॉकर पूर्णपणे रोखू शकत नाही. छातीची धडधड व हातांचा कंप कमी झाल्याने माणसाला हायसे वाटते, परंतु मनातील भीती किंवा चिंता यांचे मूळ कारण औषधाने नाहीसे होत नाही. दम्याच्या रुग्णांत, विशेषतः प्रोप्रॅनोलॉलसारखी सर्व बीटा ग्राही अडवणारी औषधे श्वासनलिका आकुंचित करू शकतात. हृदयशूळाच्या रुग्णाने बीटा-ब्लॉकर एकाएकी बंद केल्यास ताणाचा प्रतिसाद उसळून हृदयविकाराचा झटका येण्याची भीती असते. म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी केले जाते.

अधिक नेमक्या औषधांच्या आगमनानंतर रेसर्पिनचा वापर उतरणीस लागला. तरीही दोन्ही औषधे काही काळ शेजारी शेजारी राहिली. ६० वर्षांवरील ४,७३६ व्यक्तींवर झालेल्या आणि १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या शेप या अमेरिकी चाचणीत मूत्रल औषध पुरेसे न पडल्यास ॲटेनोलॉल हे बीटा-ब्लॉकर, आणि ते चालत नसल्यास रेसर्पिन देण्याची योजना होती. या चाचणीत पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी झाले.

रेसर्पिनविषयीचे वाद

१९५० च्या दशकाच्या मध्यापासून रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांत खिन्नता येत असल्याचे अहवाल प्रसिद्ध होऊ लागले. त्या वेळी दिल्या जाणाऱ्या मात्रा पुढील काळातील मात्रांपेक्षा बऱ्याच अधिक होत्या. या अहवालांमुळे औषधाची प्रतिमा डागाळली, परंतु मेंदूतील रसायनांच्या कमतरतेचा व खिन्नतेचा संबंध शोधणाऱ्या संशोधनालाही त्यांतून दिशा मिळाली. कमी मात्रेत रेसर्पिनमुळे खिन्नता येते की नाही, यावर नंतरच्या अभ्यासकांत मतभेद राहिले. नाक चोंदणे, पोटातील आम्ल वाढणे व सुस्ती हे त्याचे अन्य परिचित दुष्परिणाम होत.

वकील यांच्या निधनाच्या वर्षी, सप्टेंबर १९७४ मध्ये, लॅन्सेट या नियतकालिकात एकाच वेळी तीन अभ्यास प्रसिद्ध झाले. सर्पगंधेची औषधे घेणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असल्याचे त्यांत म्हटले होते. नंतरच्या अधिक काळजीपूर्वक अभ्यासांत हा संबंध टिकला नाही, मात्र तोपर्यंत अनेक डॉक्टरांनी रेसर्पिन लिहून देणे सोडले होते.

दुसरीकडे, उच्च रक्तदाब उतरवल्याने जीव वाचतात याचा निर्णायक पुरावा मिळवण्यात रेसर्पिनचा वाटा होता. एडवर्ड फ्राइस यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या चाचणीत १४३ पुरुषांचा समावेश होता. त्यांतील एका गटाला मूत्रल औषध, रेसर्पिन व हायड्रॅलाझिन यांचा एकत्रित उपचार, तर दुसऱ्याला निष्क्रिय गोळ्या देण्यात आल्या. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार निष्क्रिय गोळ्या घेणाऱ्या गटात ४ मृत्यू झाले आणि उपचार मिळालेल्या गटात एकही झाला नाही. रक्तदाब उतरवणे धोक्याचे आहे हे जुने मत यानंतर मागे पडले.

हृदयविकारपूर्व लक्षणसमूहावरील संशोधन

सर्पगंधेखेरीज वकील यांचे दुसरे महत्त्वाचे काम हृदयाच्या रोहिण्यांच्या विकारासंबंधी आहे. श्रमाने येणारा व विश्रांतीने थांबणारा हृदयशूळ आणि हृदयाच्या स्नायूचा भाग मृत करणारा तीव्र झटका यांच्या दरम्यानची एक अवस्था असते. तीत छातीतील कळा अधिक वारंवार, अधिक काळ किंवा विश्रांतीच्या वेळीही येऊ लागतात. वकील यांनी या अवस्थेतील रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. त्यांचे निष्कर्ष १९६१ साली सर्क्युलेशनमध्ये आणि १९६४ साली अमेरिकन जर्नल ऑफ कार्डिओलॉजीमध्ये प्रसिद्ध झाले.

अशा रुग्णांपैकी अनेकांना पुढील काही आठवड्यांत हृदयविकाराचा मोठा झटका येतो, त्यामुळे ही अवस्था धोक्याची पूर्वसूचना मानून लगेच उपचार सुरू केले पाहिजेत, असे त्यांनी प्रतिपादन केले. रक्ताची गुठळी होण्यास प्रतिबंध करणारी औषधे या अवस्थेत उपयोगी पडतात, असे त्यांच्या निरीक्षणांतून दिसले. आज या अवस्थेला अस्थिर हृदयशूळ म्हणतात आणि तिच्यावर गुठळीविरोधी औषधांबरोबर बीटा-ब्लॉकरही दिले जातात.

अध्यापन व ग्रंथलेखन

भारतीय वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना वकील यांचे नाव पाठ्यपुस्तकांमुळे परिचित आहे. अस्पी गोलवाला यांच्यासमवेत त्यांनी रुग्णतपासणीतील लक्षणे व चिन्हे यांवर लिहिलेले इंग्रजी पुस्तक महाविद्यालयांत दीर्घकाळ वापरले गेले. असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडिया या संस्थेच्या वैद्यकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाची पहिली आवृत्ती १९६९ साली त्यांच्या संपादनाखाली निघाली. तोपर्यंत भारतीय विद्यार्थी प्रामुख्याने ब्रिटिश व अमेरिकी ग्रंथांवर अवलंबून असत. भारतात आढळणाऱ्या रोगांना योग्य स्थान देणारा आणि भारतीय तज्ज्ञांनी लिहिलेला बृहद्ग्रंथ म्हणून या पुस्तकाचे महत्त्व आहे. त्याच्या सुधारित आवृत्त्या वकील यांच्या निधनानंतरही निघत राहिल्या आहेत.

वैद्यकाचा इतिहास हा त्यांच्या आवडीचा विषय होता. या विषयावरील त्यांच्या निबंधांचा द रोमान्स ऑफ हीलिंग अँड अदर एसेज हा संग्रह १९६१ साली प्रसिद्ध झाला.

पुरस्कार व सन्मान

१९५७ साली वकील यांना रुग्णालयीन वैद्यकीय संशोधनासाठीचा आल्बर्ट लास्कर पुरस्कार देण्यात आला. उच्च रक्तदाबावरील सर्पगंधेचा पद्धतशीर अभ्यास हे त्यामागील कारण होते. त्याच वर्षी रेसर्पिनच्या मानसोपचारातील वापरासाठी नेथन क्लाइन व रॉबर्ट नोस यांना, तर क्लोरप्रोमाझिनशी संबंधित कामासाठी आन्री लाबोरी, पिएर दनिकेर व हाइन्झ लेमन यांना हा पुरस्कार मिळाला. बोस्टनचे रॉबर्ट विल्किन्स यांना तो पुढील वर्षी मिळाला.

भारत सरकारने १९५८ साली वकील यांना पद्मभूषण हा किताब देऊन गौरवले. १९६५ साली त्यांना वैद्यकशास्त्रातील शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

मूल्यमापन

लोकप्रिय लेखनात वकील यांचा उल्लेख कधी कधी सर्पगंधेचे किंवा रेसर्पिनचे शोधक असा केला जातो. तो अचूक नाही. मुळीचे गुण भारतीय वैद्यकाला पूर्वीपासून ज्ञात होते, रक्तदाबावरील तिचा परिणाम सेन व बोस यांनी १९३१ साली नोंदवला होता आणि रेसर्पिन हे द्रव्य बाझलच्या प्रयोगशाळेत वेगळे झाले. वकील यांचे योगदान या दोन टप्प्यांच्या मधले आहे. अनुभवावर चालत आलेल्या औषधाचा परिणाम त्यांनी मोजला, त्याच्या मर्यादा सांगितल्या आणि अन्य देशांतील डॉक्टरांना पडताळता येईल अशा स्वरूपात तो मांडला. १९३१ ते १९४९ या अठरा वर्षांत जे औषध भारताबाहेर जवळजवळ अपरिचित राहिले, ते या निबंधानंतर पाच वर्षांच्या आत अनेक देशांत वापरात आले.

रेसर्पिन आज क्वचितच लिहून दिले जाते. मात्र ताणाच्या प्रसंगी अनुकंपी तंत्राकडून हृदयावर येणारा भार औषधाने कमी करता येतो, हे ज्या औषधांमुळे वैद्यकाच्या नित्य व्यवहाराचा भाग झाले त्यांत सर्पगंधेचे स्थान आरंभीचे आहे.